रायफलचा स्कोप (नेम धरायची दुर्बीण) घेताना झूमच्या आकड्याला भुलू नका
सहा महिने झाले ६-२४×५० स्कोप (झूम ६ ते २४ पट, पुढची काच ५० मिमी) वापरतोय, काच एकदम क्लिअर, टरेटचे (नेम वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवायच्या नॉबचे) क्लिक पण मस्त टकटक लागतात, पण २४ वर नेला की चित्र काळवंडतं, कारण साधा हिशोब आहे, ५० भागिले २४ म्हणजे डोळ्यापर्यंत जेमतेम २ मिमीचा उजेडाचा गोल, त्यामुळे शिकारीला संध्याकाळी मी १० च्या वर जातच नाही. टार्गेटला मात्र मजा येते! आधीच्या स्कोपात रेटिकल (आत दिसणाऱ्या नेमाच्या रेघा) मिलमध्ये नि टरेट एमओएमध्ये (कोन मोजायची दोन वेगळी मापं), गणित करेपर्यंत वारा बदलायचा 😅 यात दोन्ही मिल, ०.१ चा एक क्लिक म्हणजे १०० मीटरवर १ सेमी, विषय संपला. पॅरलॅक्सचा नॉब (डोळा हलला तरी नेम सरकलेला दिसू नये म्हणून अंतराप्रमाणे फिरवायचा) जरा कडक आहे, आणि वजन तर विचारूच नका, रायफल खांद्यावर टाकून दिवसभर फिरणाऱ्याने हा घेऊच नये.