साडेनऊ हजारांची गिटार आणि मिरजेची कानस

गेल्या ऑक्टोबरात घेतलेल्या इलेक्ट्रिक गिटारीला आता नऊ महिने झाले. पहिल्या महिन्यात हे परीक्षण लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते. मार्चमध्ये लिहिलं असतं तर दोन, तेही रंग आवडला म्हणून. कंपनीचं नाव देत नाही, कारण या किमतीतल्या बहुतेक गिटारी जुळ्या बहिणींसारख्याच असतात. फेंडरने १९५४ साली आणलेल्या स्ट्रॅटोकास्टरचा हा साचा आहे. दोन शिंगं, तारांची कंपनं उचलणारे तीन सिंगल-कॉइल (एकाच गुंडाळीचे) पिकअप, पाच खटक्यांचा स्विच, दांडीने हलणारी घोडी. सोबत १० वॅटचा ॲम्प, केबल, पट्टा, पिशवी. सगळे मिळून ९,५०० रुपये.

कॉलेजात ॲकॉस्टिक वाजवायचो. आता शाळेतून येईपर्यंत संध्याकाळ होते आणि वडील लवकर झोपतात. हेडफोन लावून वाजवता यावं, एवढीच अपेक्षा होती.

लाकडाबद्दल वर्णनात फक्त ‘हार्डवूड’ लिहिलं होतं, म्हणजे त्या दिवशी कारखान्यात जे असेल ते. पण बॉडीबद्दल माझी आजही तक्रार नाही. रंग सफाईदार, नेक (गिटारीची मान) सरळ, वजन खांद्याला जाचत नाही. स्वस्त गिटारीत पैसे वाचवतात ते लाकडात कमी आणि शेवटच्या तासाभराच्या हातकामात जास्त, हे मला उशिरा कळलं. फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) घासणं, नटच्या (खुंट्यांकडे जाताना तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खाचा नीट कापणं, तारांची उंची लावणं, ही कामं यंत्र उरकतं आणि पुढचं गिऱ्हाइकावर सोडून देतात.

फेब्रुवारीच्या शेवटी सांगलीची हवा कोरडी पडली आणि नेकच्या कडेवरून हात फिरवला की करवत लागायला लागली. फिंगरबोर्डचं लाकूड सुकून रुंदीत आक्रसतं, फ्रेटची धातूची पट्टी आहे तेवढीच राहते, मग तिची टोकं बाहेर येतात. त्यातच दुसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला बोट ठेवलं की सूर खरखरायचा. घोडीवरचे बारीक स्क्रू फिरवून तारा उंच केल्या, तर खरखर गेली, पण बोटं दुखायला लागली.

गिटारचं काम करणारा पुण्या-कोल्हापुरात मिळाला असता, पण मिरज दहा किलोमीटरवर. सतारमेकर गल्लीत एका वयस्कर कारागिराकडे गेलो. आधी त्यांनी सरळ नाही म्हटलं. ‘सर, हे आमचं काम नव्हे. आमचे पडदे दोऱ्यानं बांधलेले, सरकवता येतात. तुमचे ठोकून बसवलेले.’ मी म्हटलं, ‘चाचा, नुसतं बघा तरी.’ त्यांनी लोखंडी पट्टीचा छोटा तुकडा एकेका ठिकाणी तीन-तीन फ्रेटवर आडवा टेकवला आणि डुलवून बघत गेले. एका जागी पट्टी टकटक डुलली. ‘हा आठवा डोकं वर काढून बसलाय.’ सातव्यावर बोट ठेवलं की तार पुढच्या उंच फ्रेटला घासत होती. मी महिनाभर सातव्याला शिव्या देत होतो.

फिंगरबोर्डला चिकटपट्टी लावून त्यांनी आठवा फ्रेट घासला, त्याला पुन्हा गोलाई दिली आणि सगळ्या टोकांवरून कानस फिरवली. दीड तास, ७०० रुपये. निघताना म्हणाले, ‘सतारीत जवारी लावायचे पैसे घेतो, तुमच्यात घालवायचे घेतले.’ जवारी म्हणजे सतारीच्या तारेची मुद्दाम आणलेली झणझण. त्यानंतर तारा पुन्हा खाली आणल्या. आता बाराव्या फ्रेटवर जाड तार २ मिलिमीटरच्या आत आहे आणि बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायच्या ते) दुखत नाहीत.

दुसरा त्रास घरघरीचा. सिंगल-कॉइल पिकअप विजेच्या तारांतला ५० हर्ट्झचा गुणगुणाट उचलतंच, त्यात गिटारीचा दोष नाही. आमच्याकडे वीज गेली की घरचा जुना इन्व्हर्टर सुरू होतो आणि मग ॲम्पमधून पिठाची गिरणी ऐकू येते. पण तारांना हात लावल्यावर घरघर कमी व्हायला हवी. माझी होत नव्हती. मागचं झाकण उघडलं तर स्प्रिंगच्या पट्टीला जोडलेली अर्थिंगची वायर सुटली होती. सोल्डरचा एक टाका मारला, काम झालं. नवी गिटार घेतल्या दिवशी ही परीक्षा करून बघा, अर्धा मिनिट लागतो.

दांडीचं म्हणाल तर ती मी काढून ठेवली आहे. एकदा दाबली की सहाही तारा वेगवेगळ्या गावाला जातात. नटच्या खाचांत पेन्सिलीचं शिसं घासल्यावर थोडा फरक पडला. खरा फरक मागच्या स्प्रिंगा आवळून घोडी बॉडीला घट्ट टेकवल्यावर पडला. आता सूर तासभर टिकतो.

ॲम्प मात्र वाया गेलेले पैसे. साधा आवाज चालून जातो, पण डिस्टॉर्शनचं बटण दाबलं की डालड्याच्या डब्यात भुंगा. मित्राची माझ्यापेक्षा पाचपट महाग गिटार त्याला लावली, तीही भुंग्यासारखीच वाजली. उलट माझी त्याच्या ॲम्पला लावली तेव्हा मी दोन मिनिटं थांबलोच नाही. मी शेवटी १,८०० रुपयांचा हेडफोनला लावायचा छोटा ॲम्प घेतला. आज घेणार असाल तर नुसती गिटार घ्या, संच घेऊ नका.

तारा तीनदा बदलल्या, नऊ नंबरच्या (म्हणजे बारीक), दर वेळी ४५०. म्हणजे आजवरचा एकूण खर्च १३,३५०. ज्याला पेचकस हातात धरायचा कंटाळा आहे, त्याने सरळ तेवढ्याची, दुकानात सेटअप करून मिळणारी गिटार घ्यावी. मला त्या उघडझापीत मजा आली, म्हणून माझा पश्चात्ताप थोडा कमी.

जूनमध्ये पाऊस लागल्यावर नेक जरा पुढे वाकला आणि तारा पुन्हा उंच वाटायला लागल्या. ट्रस रॉड (नेकच्या आतली लोखंडी सळई) पाव फेरा आवळला, एक रात्र तशीच ठेवली, सकाळी जागेवर. एकदम जास्त फिरवू नका, लाकडाला वेळ लागतो.

सध्या सहाव्या तारेची खुंटी सैल आहे. नवा संच १,४०० ला मिळतोय, पण बाकीच्या पाच ठीक असताना सहा बदलायच्या का, हे ठरत नाही. तोवर वाजवायला बसलो की पहिल्यांदा तिचा कान पिळतो.