फॉर्म फार, पण ‘बडी’ मैत्रीण सोन्यासारखी: विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी केंद्राचा अनुभव

मास्टर्ससाठी परदेशात आल्या आल्या या केंद्रात नाव नोंदवलं. फुकट होतं, हे खरं कारण. दोन वर्षं वापरून पाचपैकी तीन तारे देतेय.

पहिल्याच भेटीत हातात फॉर्म! जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची प्रश्नावली: गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, वगैरे. प्रत्येकी 0 ते 5 गुण, बेरजेला 4 ने गुणायचं. 50 च्या खाली गेलं की नैराश्याची चौकशी करावी असं मानतात. माझे 36 आले. समुपदेशक बाईंनी लगेच पुढची वेळ दिली, पण ती सहा आठवड्यांनंतरची. तोवर ढकला दिवस.

मूल्यांवरची कार्यशाळा मात्र आवडली. मानसशास्त्रज्ञ श्वार्ट्झ यांची 10 मूल्यं एका वर्तुळात मांडलेली असतात. शेजारची जुळतात, समोरासमोरची भांडतात. एका बाजूला परंपरा, सुरक्षितता. समोर स्वतःचे निर्णय स्वतः घेणं. माझ्या डोक्यातली रोजची कटकट कुणीतरी चित्र काढून दाखवल्यासारखं झालं.

नंतर मानसशास्त्रज्ञ बेरी यांचे परक्या संस्कृतीत रुळण्याचे चार मार्ग आले: आपलं जपून इथलंही घेणं, आपलं सोडून इथलं घेणं, आपल्यातच राहणं, किंवा ना इथलं ना तिथलं. पहिला निवडा, कार्यशाळावाले म्हणाले. अहो, यजमान समाजानं दार उघडलं तरच तो जमतो, हे बेरींनीच सांगितलंय. ती अर्धी गोष्ट गाळली. कारण ऐकायला बसलेले सगळे आम्हीच, परदेशी!

दार उघडलं ते बडीनं. केंद्रानं जोडून दिलेली इथलीच मुलगी. पहिले तीन महिने आमचं बोलणं हवामानापलीकडे गेलं नाही. मग एकदा आठवडाभर गावाला जाताना तिनं घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. "झाडांना पाणी घालशील? त्या कोपऱ्यातल्या कुंडीला कमी घाल, कुजते." तोवर या देशात सगळे मला मदतच करत होते. माझ्याकडे काम मागणारी ही पहिलीच.

त्या आठवड्यात आईशी फोनवर बोलताना म्हणाले, "आपल्याकडे आज फार वारं आहे गं."

आई म्हणाली, "आपल्याकडे? इथे तर पानही हलत नाहीये."