‘फोर्टी सिक्स्टी म्हणजे फोर्टी सिक्स्टी, साहेब!’

वय त्रेचाळीस, नोकरी बँकेत, आणि गेम खेळायचे ते रात्री साडेदहानंतर, घरातले झोपल्यावर. डोंबिवलीच्या वन बीएचकेत डेस्कटॉपला जागा कुठून आणणार? म्हणून २०२४च्या दिवाळीत गेमिंग लॅपटॉप घ्यायला लॅमिंग्टन रोड गाठला. लाखावर एक रुपया जाणार नाही, असं घरी कबूल करून निघालो होतो.

दुकानाचं नाव देत नाही, कारण शेजारच्या दोघांनीही हेच ऐकवलं. काउंटरवर दोन लॅपटॉप आले. दोन्हींत आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबीचं. एक सडपातळ, चंदेरी, ऑफिसात नेला तरी कुणी वळून बघू नये असा. दुसरा जाडजूड, चार्जर तर निव्वळ वीट. किमतीत चार हजारांचा फरक. विचारलं, "कार्ड किती वॅटचं?" काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "फोर्टी सिक्स्टी म्हणजे फोर्टी सिक्स्टी, साहेब!"

तसं नसतं ना पण. लॅपटॉप बनवणारी कंपनी त्यातलं ४०६० ३५ वॅटवर चालवू शकते नाहीतर ११५वर, वर गरजेला मिळणाऱ्या बूस्टचे २५ वेगळे. खोक्यावर नाव तेच. पातळ बॉडीत गरम हवा बाहेर काढायला जागा नसते, म्हणून विजेलाच लगाम घालतात, आणि मग गेम ऐन मारामारीत अडखळतो. मी दोन्ही चालू करायला लावले. कार्डाच्या कंपनीच्या, म्हणजे एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं की ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ अशी एक ओळ दिसते. चंदेरीत ६५ वॅट, जाड्यात १४०. पोराने वाकून दोनदा वाचलं आणि गुपचूप फोटो काढून ठेवला.

जाड्या घेतला. रॅम १६ जीबी होती खरी, पण एकाच पट्टीत, दुसरा स्लॉट रिकामा. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला मेमरीच्या दोन वाटा मिळतात, म्हणून तेवढीच अजून एक घातली. तिचे पैसे लाखाच्या वर गेले. घरी अजून बोललेलो नाही.

स्क्रीन १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारी, रंग झकास. बॅटरीचं सोडा, चार्जर काढला की वेग निम्म्यावर येतो, पण तो कुठल्याही गेमिंग लॅपटॉपचा येतोच.

खरी पंचाईत पंख्यांची. पहिल्या रात्री सायबरपंक २०७७ लावला तर आतल्या खोलीतून हाक आली, "एवढ्या रात्री मिक्सर कशाला लावलास?" तेव्हापासून सेकंदाला ६० फ्रेमवर बांधून सायलेंट मोडमध्ये खेळतो. मग ६५ वॅटवालाच का नाही घेतला, असं मेहुण्याने विचारलंच. सेटिंग्ज हायवर ठेवून साठच्या साठ फ्रेम मिळतात, म्हणून. त्याच्या पातळ लॅपटॉपवर परवा तोच गेम लावला, तर पावसात निऑनच्या पाट्या आल्या की पंचेचाळीस.