डोरिस हम्फ्री यांच्या पाच रचना, बॅलेच्या पायांनी

अमेरिकेच्या आधुनिक नृत्यातल्या नृत्यरचनाकार डोरिस हम्फ्री यांची 'वॉटर स्टडी' ही रचना 1928 सालची आहे आणि तिला संगीत नाही. पियानो नाही, ढोल नाही, ताल धरून देणारे कोणी नाही. गुडघ्यांवर बसून जमिनीशी दुमडलेल्या नर्तिका श्वास घेतात आणि त्या श्वासाची लाट एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर जाते. रचनेला काळाचे जे काही भान आहे ते एवढेच. अमेरिकेतील एका बॅले कंपनीने हम्फ्री यांच्या पाच जुन्या रचना एकाच संध्याकाळी सादर केल्या, त्यांतली ही दुसरी. माझी खुर्ची चौथ्या रांगेत होती. अर्धे मिनिटही झाले नसेल, तोच डावीकडून तिसऱ्या नर्तिकेचे ओठ हलताना दिसले. ती मोजत होती. आकडे ऐकू येत नव्हते, पण ओठांची उघडझाप इतकी एकसारखी होती की शंकेला जागा उरली नाही.

या परीक्षणात मला जे सांगायचे आहे ते मुख्यतः या ओठांबद्दल आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मी पाहिले ते दोनच प्रयोग आणि उणिवा सांगायच्या आहेत त्याही तेवढ्यापुरत्याच. शिवाय हम्फ्री यांच्या रचना हाती घेणाऱ्या कोणत्याही बॅले कंपनीपुढे, श्वासावर चालणारे नृत्य बॅलेच्या शिस्तीतल्या शरीरांनी कसे करायचे, हाच प्रश्न उभा राहणार आहे.

प्रश्न समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. हम्फ्री यांचा जन्म 1895 चा, मृत्यू 1958 चा. रूथ सेंट डेनिस आणि टेड शॉन यांच्या 'डेनिशॉन' या नृत्यसंस्थेत त्या 1917 मध्ये आल्या, तिथेच मोठ्या झाल्या आणि 1925-26 च्या आशिया दौऱ्यात त्या संस्थेबरोबर भारतातही नाचून गेल्या. पौर्वात्य पोशाखांतल्या त्या नृत्यांचा पुढे त्यांना कंटाळा आला आणि 1928 मध्ये सहनर्तक चार्ल्स वाइडमन यांच्यासह त्यांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या तंत्राचे सार इंग्रजीत 'फॉल अँड रिकव्हरी' या नावाने ओळखले जाते. मराठीत त्यासाठी पडणे आणि सावरणे हे घरगुती शब्द पुरेसे आहेत. माणूस ताठ उभा असतो तेव्हा तो स्थिर असतो आणि जमिनीवर आडवा असतो तेव्हाही स्थिरच असतो. या दोन्ही टोकांना त्या मृत्यू म्हणत आणि तोल जाण्यापासून तोल सावरण्यापर्यंतचा मधला प्रवास म्हणजे नृत्य, असे त्यांचे म्हणणे होते. बॅलेचे शिक्षण नेमके याच्या उलट दिशेने जाते. तिथे वजन लपवायचे असते, धाप लपवायची असते आणि तोल जाण्याचा क्षण येऊच द्यायचा नसतो. वयाच्या आठव्या-नवव्या वर्षापासून बारला, म्हणजे सरावाच्या आडव्या दांड्याला, धरून कणा वर ओढायला शिकलेल्या शरीराला 'आता सोडून दे' असे सांगितल्याने ते सोडत नाही.

कार्यक्रमाची सुरुवात 'एअर फॉर द जी स्ट्रिंग' या रचनेने झाली. तीही 1928 चीच. संगीतकार बाखच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रल स्वीटमधील (वाद्यवृंदासाठीच्या रचनामालिकेतील) संथ भागावर पाच स्त्रिया, खांद्यांवरून मागे लोळणारी लांबच लांब वस्त्रे घेऊन, चालतात, वळतात, थांबतात. (नाव कानाला विचित्र वाटते, पण ते व्हायोलिनच्या जी तारेवरून आले आहे, एकोणिसाव्या शतकात झालेल्या एका रूपांतरात ही सगळी धून त्या एकाच तारेवर वाजवता येते.) इथे बॅलेच्या शरीरांना काहीच अडचण नव्हती. मान, खांदे, वस्त्राचा भार सांभाळत घेतलेली वळणे, सगळे नेटके होते. संगीत मात्र ध्वनिमुद्रित होते आणि ध्वनिवर्धकांतून ते इतके जाड येत होते की संथपणाची नजाकत त्यात बुडाली.

'वॉटर स्टडी'कडे परत येतो तो एवढ्यासाठी की संध्याकाळचे खरे माप तिथेच होते. आरंभीच्या लहान लाटा मोठ्या होत जातात, नर्तिका उठतात, रंगमंचाच्या दोन्ही बाजूंनी धावत येणारे गट मध्ये एकमेकांवर आदळल्यासारखे उसळतात आणि मग पाणी ओसरते, शरीरे पुन्हा जमिनीशी येतात. संगीत नसल्यामुळे प्रेक्षागृहात तीनच आवाज असतात: अनवाणी पावलांचा, कपड्यांचा आणि श्वासाचा. यातला श्वासाचा आवाज मला जवळजवळ ऐकूच आला नाही. चौथ्या रांगेत तो यायला हवा होता. नर्तिका श्वास घेत होत्या, पण त्यांना शिकवले आहे तसा, बरगड्यांच्या आत, चेहऱ्यावर काही न उमटू देता. श्वासाने शरीर उचलले जायला हवे होते. इथे शरीर आधी उठत होते आणि श्वास त्याच्या मागून गुपचूप येत होता.

दोन दिवसांनी मी हाच कार्यक्रम वरच्या सज्ज्यातून पुन्हा पाहिला आणि माझे मत थोडे बदलले, हेही लिहायला हवे. वरून ओठ दिसत नाहीत. पाठींची ओळ दिसते, तिच्यातून सरकणारी वक्ररेषा दिसते आणि ती विलक्षण सुंदर होती. इतकी स्वच्छ लाट एखाद्या आधुनिक नृत्याच्या कंपनीला साधेलच असे नाही. पण चार-पाच लाटा गेल्यावर लक्षात आले की दोन लाटांमधले अंतर प्रत्येक वेळी तेवढेच आहे. किनाऱ्यावर पाच मिनिटे उभ्या राहिलेल्या कोणालाही ठाऊक असते की पाणी असे येत नाही. कधी ते घुटमळते, कधी आधीच्या लाटेला गाठते. मोजून आणलेली लाट घड्याळासारखी येते.

तिसरी रचना एकल होती: 'टू एक्स्टॅटिक थीम्स', 1931. पहिल्या भागाचे नाव 'सर्क्युलर डिसेंट', दुसऱ्याचे 'पॉइंटेड असेंट'. म्हणजे आधी गोलाईने खाली येणे, मग टोकदारपणे वर चढणे. पडणे-सावरणे हा विचार याहून उघडपणे मांडता येणार नाही. कंपनीच्या एका प्रमुख नर्तिकेने ती केली आणि वर चढण्याचा भाग तिने फार ताकदीने केला. खाली येताना मात्र तिचे मागचे पाऊल शेवटपर्यंत ताणलेले होते, बोटांच्या टोकापर्यंत, जणू आरबेस्क, म्हणजे एका पायावर तोलून दुसरा मागे ताणण्याची बॅलेतली मुद्रा, संपायचे राहिले आहे. ताणलेले पाऊल हा पडणाऱ्या शरीराने धरून ठेवलेला कठडा असतो. तो सोडला नाही तर पडणे होत नाही, फक्त खाली येणे होते.

मध्यंतरात हाती आलेली माहितीपत्रिका वाचली. छपाई उत्तम, छायाचित्रे मोठी, मजकूर तोकडा. या रचना आजपर्यंत कशा पोहोचल्या, त्या कोणी उभ्या करून दिल्या, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती आणि पुनरुज्जीवनाच्या कार्यक्रमात ही चूक लहान नाही. हम्फ्री यांच्या अनेक रचना नृत्याच्या हालचाली टिपणाऱ्या लाबानोटेशन या लिपीत उतरवलेल्या आहेत. रूडॉल्फ लाबान यांनी ही लिपी प्रसिद्ध केली तेही 1928 मध्येच. संगीताच्या आडव्या ओळी इथे उभ्या होतात, वाचन खालून वर चालते, चिन्हाचा आकार दिशा सांगतो, त्यातली छटा उंची सांगते आणि चिन्हाची लांबी वेळ सांगते. ही लिपी आणि 1940 मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेली, नृत्ये या लिपीत जपणारी डान्स नोटेशन ब्युरो ही संस्था नसती तर यातले बरेच काही हरवले असते. तरीही कागदावरची लांबी किती श्वासांची आहे हे तालमीत कोणीतरी स्वतः श्वास घेऊनच शिकवावे लागते. त्या ओठांकडे पाहून वाटले की तालमीचे दिवस कमी पडले असावेत. बॅले कंपन्यांची वेळापत्रके पाहता यात नवल नाही.

मध्यंतरानंतरची 'द शेकर्स' (1931) पाहताना मात्र मी आतापर्यंतच्या सगळ्या तक्रारी विसरून गेलो. शेकर हा इंग्लंडहून 1774 मध्ये अॅन ली यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत आलेला ख्रिस्ती पंथ. स्त्री-पुरुष एकाच वस्तीत, पण कडक ब्रह्मचर्याने राहत आणि प्रार्थनेत अंग थरथरवून पाप झटकून टाकत. हम्फ्री यांनी रंगमंचाच्या एका बाजूला स्त्रिया आणि दुसऱ्या बाजूला पुरुष ठेवले आहेत. मध्ये कोणतीही रेघ आखलेली नाही, पण ती कोणी ओलांडत नाही. ढोल आहे, शब्दावाचून गाणारा आवाज आहे आणि मध्येच कोणीतरी ओरडून सांगते की पापातून झटकून मोकळे व्हाल तेव्हाच तराल. इथे बॅलेचा ताठ कणा अडथळा ठरत नाही, तो रचनेचा आशयच होतो. स्वतःला इतके आवळून धरलेल्या माणसांनाच थरथरावे लागते. पुरुषांच्या ओळीतला एक उंच नर्तक मनगटे झटकत होता. आधी फक्त बोटे, मग कोपर, मग खांदा, आणि मग अचानक त्याचे सगळे धड एका बाजूला कलले आणि पाय त्याच्याखाली कसेबसे आले. संपूर्ण संध्याकाळीत खरे पडणे मला तिथे दिसले. समोरच्या ओळीतल्या स्त्रियांचेही तोल तसेच त्या न दिसणाऱ्या रेघेपर्यंत येऊन परत जात होते. दोन्ही दिवशी प्रेक्षागृह गच्च शांत होते आणि दोन्ही दिवशी ढोल प्रत्यक्ष वाजवला जात होता, हे आवर्जून नोंदवतो.

शेवटची रचना 'डे ऑन अर्थ', 1947 ची. तोपर्यंत नितंबाच्या संधिवातामुळे हम्फ्री यांचे स्वतःचे नाचणे थांबले होते आणि शिष्य होसे लिमोन यांच्या कंपनीच्या त्या कलादिग्दर्शक होत्या. संगीत अमेरिकन संगीतकार एरन कोपलंड यांच्या पियानो सोनाटाचे. एक पुरुष, एक तरुणी, एक स्त्री आणि एक मूल एवढीच पात्रे. काम, प्रेम, घर आणि वियोग एवढाच मजकूर. पियानोवादक मंचाशेजारी बसून वाजवत होता आणि त्यामुळे नर्तकांना थांबायला जागा मिळत होती; त्याची नजर कळफलकाइतकीच त्यांच्यावर होती. पुरुषाची भूमिका करणाऱ्या नर्तकाने जमीन कसण्याच्या हालचाली जरा जास्तच देखण्या केल्या. नांगरणाऱ्या माणसाच्या कमरेत जो जडपणा असतो तो नव्हता.

तिकीट काढणाऱ्यांनी शक्य असल्यास खालची जागा घ्यावी आणि मध्यंतरानंतर उशिरा आत येऊ नये, कारण 'द शेकर्स'ची पहिली दोन मिनिटे चुकली तर ती रेघ समजत नाही. 'वॉटर स्टडी' एकदाच पाहायची असेल तर ती वरून पाहिलेली बरी, पण एका कार्यक्रमात दोन जागा कोणी देत नाही.

'डे ऑन अर्थ'च्या अखेरीस मोठी माणसे एका लांब कापडाखाली आडवी होतात आणि मूल एकटे बसून राहते. हे काम कंपनीच्या शाळेतल्या एका लहान मुलीकडे होते. मी पाहिलेल्या दुसऱ्या प्रयोगात कापडाची एक कड सरळ बसली नाही, पुरुषाचा हात कोपरापर्यंत उघडा राहिला. मुलीने ते पाहिले, पण उठून नीट केले नाही. ती फक्त जागेवर बसली, तिचे खांदे खाली आले, आणि तिने सोडलेला श्वास मला सज्ज्यातही ऐकू आला.