आईच्या फोनसाठी: 28 दिवसांचा पॅक की वर्षभराचा नुसता कॉलिंगचा?

गावात एकटी राहणारी आई, तिच्या हातात बटणांचा फोन आणि रिचार्ज मारणारा मुलगा पुण्यात. अशा बऱ्याच घरांत हल्ली एकच प्रश्न असतो: नेहमीचा 28 दिवसांचा पॅक चालू ठेवायचा, की वर्षभराचा नुसता कॉलिंगचा घ्यायचा? संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत, आईच्या फोनवर मी दोन्ही वापरून बघितलेत.

आधी कंपनी बदलण्याबद्दल, कारण सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा तेच येतं. 1995 साली देशात मोबाईल आला तेव्हा मिनिटाला 16 रुपयांपर्यंत लागायचे आणि आलेला कॉल उचलायचेही पैसे पडायचे. 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं, 2009 मध्ये सेकंदावर हिशोब आला, 2011 पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता यायला लागली, 2016 मध्ये जिओ आलं. कधी नियम बदलला म्हणून, कधी नवा गडी मैदानात उतरला म्हणून दर खाली येत गेले. आता खासगी कंपन्या तीनच उरल्यात. जुलै 2024 मध्ये तिघींनी आठवड्याच्या आत दर वाढवले आणि सगळ्यात स्वस्त पॅक एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर येऊन बसले. त्यामुळे पोर्ट करून रेंज सुधारेल, पण खर्चात फारसा फरक पडणार नाही असं माझं मत. बीएसएनएलने तेव्हा दर वाढवले नव्हते आणि त्या एका महिन्यात त्यांना 29 लाखांच्या आसपास नवे ग्राहक मिळाले. तुमच्या घरात, अगदी माजघरातसुद्धा, त्यांची रेंज येत असेल तर आधी तिथे चौकशी करा. नसेल तर जिची रेंज आहे ती कंपनी धरा आणि डोकं पॅक निवडण्यात घाला.

2025 मधले आकडे सरळ आहेत. 28 दिवसांचा 199 चा पॅक वर्षात 13 वेळा मारावा लागतो, म्हणजे 2587 रुपये. त्यात 2 जीबी डेटा मिळतो, जो आईच्या फोनला कधी लागलाच नाही. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना नुसत्या बोलण्याचे आणि एसएमएसचे पॅक ठेवायला लावले आणि मुदतीची मर्यादा 90 वरून 365 दिवसांवर नेली. त्यानंतर महिन्याभरात 84 दिवसांचे 450-470 च्या घरातले आणि वर्षाचे 1849 चे पॅक आले. वर्षाला 738 रुपयांचा फरक. गावात ही रक्कम लहान नाही.

पण मी बदललं ते पैशांसाठी नाही, तारखेसाठी.

28 दिवसांचा महिना कुठल्याच कॅलेंडरात नसतो. 2 जूनला मारलेला रिचार्ज पुढे 30 जूनला येतो, मग 28 जुलैला, मग 25 ऑगस्टला. आईची पेन्शन पहिल्या आठवड्यात, आणि रिचार्ज दर वेळी थोडा थोडा मागे सरकत महिनाअखेरीला, हात रिकामा असतो नेमका तेव्हा. ती भिंतीवरच्या कॅलेंडरात निळ्या पेनाने तारखेभोवती गोल करायची आणि मला आठवण करायची. एकदा मीच विसरलो. मुदत संपल्याचा मेसेज इंग्रजीत आला होता, तो तिला कळणार कसा? भर पावसात तिला देवरूखला डॉक्टरांकडे जायचं होतं, म्हणून ती रिक्षावाल्याला फोन लावत बसली. संध्याकाळी मी फोन केला तर म्हणाली, "ती बाई सारखी कायतरी सांगत्ये, पुढे लावूनच देत नाय." फोन बिघडला असं समजून तिने दोनदा बॅटरी काढून फडक्याने पुसून परत घातली होती. शेवटी शेजारच्या काकूंकडून फोन लावला तोवर रिक्षा दुसरं भाडं घेऊन गेली होती. कंपनी कोणती हे इथे महत्त्वाचं नाही. ज्याला वेळेला दुसऱ्याला हाक मारता यावी म्हणून फोन दिलाय, त्याचाच आवाज 29 व्या दिवशी बंद होतो, हे मला फार लागलं.

दर महिन्याला त्याच तारखेला मारायचा पॅकही प्रत्येक कंपनीला ठेवावाच लागतो, 2022 पासून तसा नियम आहे. पण दुकानात आपणहून तो कुणी दाखवत नाही, मागून घ्यावा लागतो.

वर्षाच्या पॅकच्याही अडचणी आहेत, त्या लपवत नाही. 1849 रुपये एकदम काढणं रोजंदारीवरच्या घराला जड आहे. त्यांना 28 दिवसांचा छोटा रिचार्जच परवडतो आणि त्यात त्यांची चूक काही नाही. मध्येच टॉवरने दगा दिला आणि पोर्ट करायची वेळ आली तर उरलेले दिवस बुडतात. नातवंडांचे व्हिडिओ कॉल आजीच्या फोनवर होत असतील तर नुसत्या कॉलिंगचा विचार करू नका, डेटावालाच बरा.

आमच्याकडे मात्र या अडचणी नव्हत्या. आधी 84 दिवसांचा घेतला, रेंज पावसाळ्यात टिकते का बघितलं, मग वर्षाचा. घाटातल्या किंवा डोंगराआडच्या गावांनी निदान एवढी चाचणी करावी असं मी सुचवेन. मुदत संपते ती तारीख मी माझ्या फोनवर आठवडाभर आधीची लावून ठेवलीय, आणि तीच वाडीतल्या दुकानदारालाही सांगितलीय. कॅलेंडरात आता गॅसची तारीख आणि दुधाचा हिशोब एवढंच असतं.