शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कार्यालयातील माझ्या इंग्रजी पत्रांच्या मसुद्यांवर वरिष्ठांची लाल खूण पडे, ती बहुधा इन, ऑन, ॲट, टू या शब्दयोगी अव्ययांवरच. म्हणून इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी रचलेला एक जाडजूड इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश घेतला. (या धर्तीचा, जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह सिद्ध केलेला प्रसिद्ध कोश १९४२ मध्ये जपानमध्ये प्रकाशित झाला. परक्यांच्या अडचणी परक्यांमध्ये शिकवणाऱ्यालाच दिसाव्यात, हे मला पटते.)

पहिले दोन महिने मी तो चुकीच्या पद्धतीने वापरला. 'ऑन'ची नोंद उघडून तिचे सगळे अर्थ पाठ करू पाहिले आणि हाती काही लागले नाही. शोधायचा असतो तो अव्ययाच्या आधीचा शब्द, हे उशिरा ध्यानात आले. 'मॅरीड'च्या नोंदीत 'टू' स्पष्ट दिलेला असतो, त्यामुळे 'तिच्याशी लग्न' यातल्या 'शी'वरून सुचणारा 'विथ' बाद होतो. 'अफ्रेड'ला 'ऑफ' लागतो. 'कुत्र्याला घाबरतो' यातला 'ला' तिथे कामाचा नाही. 'डिस्कस'पुढे तर थेट कर्मच येते, आणि 'विषयावर चर्चा' करणारे आपण 'डिस्कस ऑन' का लिहितो याचा उलगडा होतो. पुण्याला पोहोचणारा 'रीच टू' लिहितो तेही याच वाटेने. 'रीच'ला काहीच लागत नाही, 'अराइव्ह'ला मात्र 'इन' किंवा 'ॲट' लागतो. खरी फसगत 'डिपेंड ऑन' करतो, कारण 'त्यावर अवलंबून' यातला 'वर' तेथे चपखल बसतो आणि पुढच्या क्रियापदालाही मराठीच्याच आधाराने जाण्याचा धीर येतो.

स्थळाच्या बाबतीत मात्र कोश अपुरा पडला. आपल्याकडे पक्षीही झाडावर आणि आंबेही झाडावरच. इंग्रजीत पक्षी 'इन द ट्री' आणि फळे 'ऑन द ट्री'. मोटारीला 'इन', बसला 'ऑन'. उदाहरणे मिळतात, कारण मिळत नाही. पक्ष्याभोवती फांद्यापानांचा घेर असतो म्हणून 'इन', ही संगती मी स्वतःच लावली. 'वीकेंड'पूर्वी ब्रिटिश 'ॲट' म्हणतात आणि अमेरिकी 'ऑन', हा भेद मात्र कोशात नोंदवलेला असल्याने परदेशी ग्राहकांशी पत्रव्यवहार करताना सोय झाली.

घ्यावा का? लिहिताना थांबून शंका घेण्याची सवय असेल तर अवश्य घ्यावा. माझी सर्वांत चिवट चूक 'सिन्स टू डेज' ही आहे. 'दोन दिवसांपासून' हे मनात इतके घट्ट बसले आहे की 'फॉर' हवा अशी शंकाच येत नाही, आणि शंका आली नाही तर कोश उघडला जात नाही. गेल्या आठवड्याच्या पत्रातही लाल खूण तिथेच होती.