आरबी५००९ वर व्हीआरएफ: राउटर चांगला, पण फास्टट्रॅक आधी बंद करा

एका इमारतीत पाच-सहा कार्यालयं, इंटरनेटची लाइन एक, राउटरही एकच, आणि कुणाचं नेटवर्क कुणाला दिसता कामा नये. यावरचा उपाय म्हणजे व्हीआरएफ, एकाच राउटरमध्ये प्रत्येक कार्यालयाला स्वतंत्र राउटिंग टेबल (कुठलं पॅकेट कुठे पाठवायचं याची यादी). या कामाला मिक्रोटिक कंपनीचा आरबी५००९ हा राउटर पुरून उरतो. सात गिगाबिट पोर्ट, एक २.५ गिगाबिट, एक १० गिगाबिटचा एसएफपी प्लस (फायबरचं मॉड्यूल बसवायची जागा), चार कोरचा १.४ गिगाहर्ट्झ प्रोसेसर, १ जीबी रॅम. पंखा नाही, म्हणजे आवाज नाही. फक्त वीज २४ ते ५७ व्होल्ट लागते. राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस इथे निरुपयोगी.

मांडणी अशी: ब्रिजवर (राउटरमधला, पोर्ट एकत्र जोडणारा स्विच) प्रत्येक कार्यालयाला वेगळा व्हीलॅन (त्याच तारांवरचं वेगळं आभासी नेटवर्क) आणि त्या व्हीलॅन इंटरफेसला वेगळा व्हीआरएफ. ब्रिजमधला पोर्टच थेट व्हीआरएफमध्ये टाकला तर काहीच होत नाही, कारण आयपी पत्ता त्या पोर्टवर नसतोच. व्हीलॅन फिल्टरिंग (कुठल्या पोर्टवर कुठला व्हीलॅन चालेल याची अंमलबजावणी) सगळ्यात शेवटी चालू करा, नाहीतर तुम्हीच राउटरबाहेर राहाल.

व्हीआरएफची यादी फायरवॉलसारखी वरून खाली वाचली जाते. 'मेन' ही नोंद सगळेच इंटरफेस स्वतःकडे घेते, म्हणून नवीन नोंद तिच्या वर हवी. मग प्रत्येक व्हीआरएफच्या राउटिंग टेबलमध्ये डिफॉल्ट रूट (इंटरनेटकडे जाण्याचा मार्ग) घाला आणि गेटवेच्या आयपीला 'अॅट मेन' (@main) जोडा. बाहेरच्या पोर्टवर मास्करेड (आतले पत्ते राउटरच्या बाहेरच्या पत्त्यामागे लपवणारा नियम) एकच पुरतं. परतीचं पॅकेट मात्र योग्य व्हीआरएफमध्ये जायला हवं. त्यासाठी मँगलमध्ये (पॅकेटवर खुणा करणारे फायरवॉलचे नियम), प्रीराउटिंगला (मार्ग ठरण्याआधीच्या टप्प्यावर), नवीन कनेक्शनवर कार्यालयानुसार खूण करा आणि बाहेरच्या पोर्टवरून येणाऱ्या पॅकेटला त्या खुणेवरून राउटिंग मार्क द्या.

एवढं करूनही पिंग जातो आणि वेबसाइट अर्धवट उघडून अडकते. इथे बरेच जण डीएनएस किंवा एमटीयूच्या (पॅकेटच्या कमाल आकाराच्या) मागे लागतात. दोष फास्टट्रॅकचा, म्हणजे पॅकेटांना तपासणीच्या पायऱ्या वगळून वेगाने सोडणाऱ्या नियमाचा असतो. कारखान्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये तो नियम आधीच असतो, आणि फास्टट्रॅकमध्ये गेलेली पॅकेटं व्हीआरएफ ठरवण्याची पायरीच वगळतात. तो टीसीपी आणि यूडीपीलाच लागू होतो, आणि पिंग या दोन्हींत येत नाही, म्हणून पिंग सुखरूप. नियम बंद केल्यावर प्रोसेसरवर भार वाढतो, पण कार्यालयाच्या नेहमीच्या वापरात एक गिगाबिटची लाइन तो पेलतो.

दोन कार्यालयांना १९२.१६८.१.० ही एकच आयपी रेंज देण्याचा मोह टाळा. व्हीआरएफला ते चालतं. पण बाहेरची लाइन आणि कनेक्शन टेबल (चालू जोडण्यांची राउटरमधली नोंद) सामाईक असल्यामुळे त्याच आयपीवरून, त्याच पोर्टवरून, त्याच सर्व्हरकडे जाणारी दोन कनेक्शनं एकमेकांत मिसळू शकतात. वेगळी रेंज द्यायला पैसे पडत नाहीत. जागा तुमच्या हातात नसेल आणि भाडेकरू आपापली जुनी रेंज घेऊनच येणार असतील, तर हे यंत्र घेऊ नका.

विनबॉक्स (राउटर सांभाळायचं मिक्रोटिकचं सॉफ्टवेअर), एसएसएच या राउटरमध्ये शिरण्याच्या सेवा मूळ व्हीआरएफमध्येच राहतात, ही जमेची बाजू. मॅक-विनबॉक्स मात्र लेयर दोनवर, म्हणजे आयपीऐवजी मॅक पत्त्यावर चालतो, त्याला व्हीआरएफ अडवत नाही. टूल्समध्ये मॅक सर्व्हरची इंटरफेस यादी फक्त व्यवस्थापनाच्या पोर्टपुरती ठेवा.

वेगाची वाटणी व्हीआरएफ करत नाही. एका कार्यालयाने टॉरेंट लावला की बाकीच्यांचे फोन येतात. प्रत्येक व्हीलॅनला क्यू (वेगाची मर्यादा) लावूनच यंत्र ताब्यात द्या.